आठ तास, ऐंशी किलोमीटर

आमच्याकडे दिवसाच्या भाड्यानं गाडी घेतली की बोली ठरलेली: आठ तास, ऐंशी किलोमीटर. त्यापुढे गेलात तर तासाचा आणि किलोमीटरचा हिशेब वेगळा. ही बोली मुंबई-पुण्यातही चालते, पण छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे माझ्या तोंडून अजून सुटत नसलेल्या औरंगाबादेत, ती वेरूळच्याच मापानं बेतल्यासारखी वाटते. शहरातून दौलताबाद पंधरा किलोमीटर. पुढे घाट चढून खुलताबाद, तिथून उतरलं की वेरूळ, सगळं मिळून तीसच्या आसपास. परतीच्या वाटेवर बीबी का मकबरा आणि पाणचक्की उरकली तरी मीटर ऐंशीच्या आतच थांबतो. अजिंठा शंभर किलोमीटरवर. तो या बोलीत बसत नाही, म्हणून त्याचा दिवस वेगळा आणि भाडंही वेगळं.

गाईड म्हणून माझं निम्मं आयुष्य ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर गेलं. पार्टी मागे, आम्ही दोघं पुढे. लेण्यांच्या इतिहासाची पुस्तकं कपाटभर आहेत आणि ती मी वाचलेलीही आहेत. पण ती लेणी दाखवण्याचा जो धंदा आहे, त्यालाही इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे. काय दाखवायचं, कुठल्या क्रमानं, कुठली गोष्ट सांगून, हे पंडितांनी ठरवलेलं नाही. ते ठरवलं रस्त्यानं, रेल्वेनं, उन्हानं आणि आमच्यासारख्या तोंडाळ माणसांनी.

लोकांना थक्क करायची सुरुवात तर थेट राष्ट्रकूटांपासून आहे. कर्क सुवर्णवर्षाचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. कृष्णराजानं एलापुरात बांधवलेलं देऊळ पाहून आकाशातले देवही चकित झाले आणि ते घडवणारा कारागीर स्वतःच म्हणाला की हे माझ्या हातून झालं तरी कसं, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी हे देऊळ म्हणजे वेरूळचं कैलास असं ओळखलं. मी पार्टीला कैलासाच्या दारात उभं करून आधी हेच सांगत असे. राजाची स्तुती करायची ठरलेली तऱ्हा आहे ती, मान्य. पण कारागिराचाच विस्मय पुढे करून गिऱ्हाइकाला गार करायचं हे कसब मला तरी घरचं वाटतं.

दुसरी गोष्ट मराठीतली. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त ती येते. राजा आजारी पडतो, राणी घृष्णेश्वराला नवस बोलते: राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा होतो. आता देऊळ पायापासून बांधायचं तर शिखर दिसायला वर्षं जाणार आणि राणी उपाशी मरणार. कुणा कारागिराला मार्ग सुचेना. मग पैठणचा कोकस येतो, म्हणतो मी आधी शिखरच कोरतो, आणि डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू करून आठवड्याच्या आत राणीचा उपास सोडवतो. कैलास वरून खाली कोरलं आहे, हे आज अभियांत्रिकीची मुलं कौतुकानं बघतात. ते इथल्या माणसांनी केव्हाच ताडलं होतं, आणि त्याचं कारण म्हणून एक उपाशी राणी उभी केली होती. मला विचाराल तर यापेक्षा सरस गोष्ट या जागेवर कुणी रचलेली नाही.

औरंगजेबाच्या काळातही लोक इथे हिंडायला यायचे. ‘मासिर-ए-आलमगिरी’त वेरूळचं वर्णन आहे: पावसाळ्यात डोंगर आणि मैदान बागेसारखं होतं, शंभर गज रुंदीचा धबधबा कोसळतो, डोळ्यांना सुख देणारी जागा आहे. औरंगजेबानं हजार माणसं लावून कैलास फोडायचा प्रयत्न केला असं हल्ली पार्ट्या मलाच ऐकवतात, मोबाइलवर बघून आलेल्या असतात. मी त्यांना हे वर्णन सांगतो. काहींना ते आवडत नाही.

इंग्रज आले आणि गोष्टी कागदावर उतरू लागल्या. पुण्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1794 साली वेरूळला आला. पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट यानं त्याच्यासाठी लेण्यांची चित्रं काढली. गंगारामाची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मॅलेटनं लेण्यांवर जो लेख लिहिला त्यात एक गंमत आहे. लेणी कुणी आणि कधी खोदली हे त्यानं विचारलं, तेव्हा त्याला दोन उत्तरं मिळाली. ब्राह्मणांनी सांगितलं, एलू राजानं, 7,894 वर्षांपूर्वी. मुसलमान माहितगारानं सांगितलं, एल राजानं, 900 वर्षांपूर्वी. मॅलेटनं दोन्ही लिहून ठेवली.

ब्राह्मणांचा आकडा ऐकून हसू येतं, पण तो हवेतला नाही. कलियुगाची तोवर 4,894 वर्षं झाली होती, त्यात द्वापरातली 3,000 मिळवली. बेरीज चोख आहे, फक्त द्वापराचा हप्ता कुठून आला ते विचारायचं नाही. दुसरा माहितगार मात्र कमाल म्हणायचा. कैलासाचा कृष्णराजा आठव्या शतकातला, म्हणजे त्या वेळी हजार वर्षं होऊन गेलेली. हा गृहस्थ शंभर-सव्वाशे वर्षांनीच हुकला, आणि त्याच्यापाशी ना ताम्रपट होता ना भांडारकर. कागदाचा आधार नसताना इतकं जवळ जाणं आजच्या गाईडांनाही जमत नाही. दोघांनी राजा मात्र एकच सांगितला, यावरून वाटतं की गोष्ट सगळ्यांची एक होती, प्रत्येकजण आपापल्या पंचांगानं मांडत होता.

मॅलेटनंतर कॅप्टन सीली. तो 1810 साली मुंबईहून निघाला, पुणे, अहमदनगर, टोके करत वेरूळला पोचला आणि दौलताबाद-औरंगाबादेवरून परतला. त्याचं पुस्तक 1824 साली निघालं. पुस्तकाच्या नावातच हा सगळा मार्ग छापलेला आहे, आणि लेणी ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरली असंही त्याच नावात ठोकून दिलेलं आहे. डोंगर आपल्या काळ्या बेसाल्टचा. इथल्या गाईडनं असं सांगितलं असतं तर त्याला अडाणी म्हटलं असतं. साहेबाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते तसंच राहिलं.

लेण्यांना नंबर पडले ते बर्जेस आणि फर्ग्युसन यांच्या काळात. 1880 साली त्यांचा भारतातल्या लेण्यांवरचा मोठा ग्रंथ आला आणि वेरूळची 34 लेणी दक्षिणेकडून उत्तरेकडे एका ओळीत उभी राहिली: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. त्याआधी प्रत्येक लेण्याला गावानं ठेवलेलं नाव होतं. दहावं म्हणजे सुतार का झोपडा, कारण त्याचं छत लाकडी वाशांसारखं कोरलंय. चौदावं रावण की खाई. एकोणतिसावं सीता की नहाणी, धबधब्याच्या कुंडाशेजारचं. कैलासाला रंगमहाल म्हणत, कारण त्यावर चुन्याचा गिलावा आणि रंग होता, त्याचे चट्टे आजही दिसतात. अकराव्याचं नाव दोन ताल. 1876 साली मातीत बुजलेला खालचा मजला मोकळा केला, तेव्हा ते तीन मजली निघालं. नाव दोन तालच राहिलं, कारण शेजारच्या बाराव्याला तीन ताल आधीच देऊन झालं होतं. आम्ही पार्टीसमोर नंबर बोलतो आणि आपसांत नावं. ‘रावण की खाई सोडून दे, उशीर झालाय’ असं ड्रायव्हरला पुटपुटलं तर मागच्यांना पत्ता लागत नाही.

आता रस्ता. औरंगाबादेला रेल्वे यायच्या आधी पाहुणा जीआयपी रेल्वेनं नांदगावला उतरायचा आणि तिथून टांग्यानं वेरूळ गाठायचा. म्हणजे वेरूळ आधी, औरंगाबाद नंतर. 1900 साली मनमाडहून निजामाची मीटरगेज गाडी औरंगाबादेत शिरली आणि सगळं चित्र उलटलं. आता पाहुणा शहरात उतरू लागला, मुक्काम शहरात, आणि वेरूळ ही शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतायची जागा झाली. दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, मकबरा, पाणचक्की ही सगळी मंडळी एका माळेत ओवली गेली ती तेव्हा, कारण ती स्टेशन ते वेरूळ याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास होती. या दिवसाची आखणी निजामाच्या रुळांनी केली. आमच्या धंद्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल कुणास ठाऊक.

इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर 1913 साली औरंगाबादेत मुन्सफ असलेल्या एका मित्राकडे उतरला होता आणि दौलताबाद-वेरूळ पाहून गेला. पुढे 1924 साली त्याची ‘अ पॅसेज टू इंडिया’ आली, त्यात एक हिंदुस्थानी डॉक्टर इंग्रज बायकांना एका दिवसाच्या सहलीला लेणी दाखवायला नेतो आणि त्यातून सगळा अनर्थ होतो. कादंबरीतली लेणी बिहारच्या बराबर डोंगरावरून घेतलेली आहेत. तरी माझे काही जातभाई इंग्रज पार्टीला बेधडक सांगतात की ती वेरूळचीच. बक्षिशी वाढते म्हणे. मला मात्र त्या डॉक्टरची दया येते. पाहुण्यांना घेऊन लेण्याच्या अंधारात शिरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काय ओझं असतं, ते फॉर्स्टरनं बरोबर हेरलं होतं.

1914 साली निजामानं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याच्या चित्रांची निगा राखायला इटलीहून तज्ज्ञ आणले, पाहुण्यांसाठी फर्दापूरला विश्रामगृह झालं. हैदराबाद संस्थान 1948 साली विलीन झालं आणि पुढे दोन्ही ठिकाणची लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे गेली. 1983 साली दोन्ही युनेस्कोच्या यादीत आली.

माझे थोरले मामा आधी टांगा हाकत आणि नंतर अँबेसेडर चालवत. घोड्याला दौलताबादेपुढच्या घाटात दम खायला थांबावं लागे, म्हणून टांगेवाले चढाच्या आधी सवारीला उतरवून किल्ला दाखवत. पुढे गाड्या आल्या, गाडीला दम खायची गरज नव्हती, तरी थांबा तोच राहिला. ते सीताफळाच्या आणि पेरूच्या टोपल्या घेऊन बसणारेही तिथेच राहिले. अँबेसेडर दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून काढणं हे मामांचं खास काम. रस्ताच त्या वेशीतून जातो, समोरून ट्रक आला की दोन्ही बाजूंनी खोळंबा. दरवाजाच्या दगडावर गाड्यांच्या घासल्याच्या रेघा आहेत.

दौलताबादच्या अंधारीचा खेळ अजून बघण्यासारखा आहे. खडकातून वर जाणारा वळणांचा बोगदा, आत मिट्ट काळोख आणि वटवाघळांचा वास. तिथला माणूस कापडाचा बोळा तेलात भिजवून मशाल पेटवतो, पुढे चालतो, मधेच थांबतो, सगळ्यांना गप्प करतो आणि मशाल पाठीमागे झाकतो. मग अंधारातून त्याचा आवाज: शत्रू इथवर आला, डावीकडे गेला तर दोन वाटा एकमेकींना येऊन मिळतात, आपलीच माणसं आपल्याच माणसांना कापतात. उजेडाची खिडकी दिसली म्हणून धावला तर सरळ खंदकात. वरून उकळतं तेल. हे म्हणता म्हणता तो मशाल एकदम पुढे काढतो आणि पार्टीतली एक तरी बाई किंचाळते. हा खेळ मी इतक्या तोंडून ऐकलाय की कुठला श्वास कुठे घ्यायचा हेही मला पाठ आहे. किल्ला खरं तर 1296 साली असा बोगद्यातून पडलाच नाही. अलाउद्दीन खिलजीनं वेढा घातला आणि आतलं धान्य संपलं. पण धान्याची गोष्ट अंधारात सांगून कोण किंचाळणार?

वेरूळला उजेडाची निराळीच कसरत होती. विजेचे दिवे येण्याआधी लेण्याच्या तोंडाशी एक माणूस चकचकीत पत्रा ठोकलेली चौकट घेऊन उन्हात उभा राहायचा आणि ऊन आत फेकायचा. गाईड आतून ओरडायचा, ‘डावीकडे! वर! अजून वर!’ आणि उजेडाचा चौकोन मूर्तीच्या चेहऱ्यावर येऊन थरथरत थांबायचा. चौकटवाल्याचा हात दुखला की देवाचं नाक अंधारात जायचं. त्यालाही काही द्यावं लागे, आणि ते कुणाच्या खिशातून जायचं यावर रोज तंटा.

उन्हाचा दुसरा मुद्दा असा, की वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर पडतं. संध्याकाळी विश्वकर्म्याच्या, म्हणजे दहाव्या लेण्यात वरच्या गवाक्षातून उजेड आत येतो आणि बुद्ध उजळतो. म्हणजे शहाणा क्रम असा: सकाळी गारव्यात किल्ला चढा, दुपारी खुलताबाद, आणि वेरूळ शेवटी, सूर्य कलेपर्यंत. अडचण अशी की त्या वेळी ड्रायव्हरचे आठ तास भरत आलेले असतात. त्याला सकाळी वेरूळ उरकायचं असतं, दुपारी मकबरा, आणि मधल्या वेळात हिमरू-पैठणीचं एखादं दुकान. दुकानात पार्टीनं काही घेतलं की ड्रायव्हरचं कमिशन, आणि आमचंही, उगाच साळसूदपणा कशाला आणू. त्यामुळे हजारो लोकांनी कैलास पाहिलं ते सकाळच्या सावलीत. फोटोही त्या सावलीतलेच आले.

आठ तासांत जे बसत नाही ते गळतं, आणि गळलं की हळूहळू ते कुणाला माहीतच राहत नाही. खुलताबादेत औरंगजेबाची उघडी कबर सगळे बघतात, टोप्या शिवून साठवलेल्या पैशांची गोष्ट ऐकतात. तिथेच मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस, ज्यानं निजामशाही सावरून धरली, मोगलांना जेरीस आणलं, खडकी वसवली, म्हणजे आमचं शहरच वसवलं आणि त्याला नहर-ए-अंबरीचं पाणी दिलं. 1626 साली गेला. त्याच्याकडे गाडी वळवा म्हटलं की ड्रायव्हर घड्याळ बघतो. मकबऱ्याला मात्र घड्याळ आड येत नाही, कारण त्याला ‘ताजची नक्कल’ ही दोन शब्दांची जाहिरात आहे. मकबऱ्यावर 6,68,203 रुपये खर्च झाले हा आकडा गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’तून उचललेला. गाईड तो असा म्हणतात की जणू पावती त्यांच्याच हातून फाटली.

मधल्या काळात धंद्याला बरेच दिवस सुगीचे आले. अजिंठ्याला जपानी पार्ट्या येत, काही जणांनी त्यासाठी जपानी शिकून घेतली, कुणी फ्रेंच, कुणी जर्मन. अजिंठ्याच्या विकासासाठी जपानचं कर्जही आलं. गाडी पायथ्याच्या फाट्यावर सोडून पुढे सरकारी बसनं जायचं ही पद्धत त्यानंतरची, गाड्यांचा धूर चित्रांना लागू नये म्हणून. ती योग्यच होती, पण ड्रायव्हर लोकांनी तिला कितीतरी वर्षं शिव्या दिल्या. नंतर अजिंठ्याच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि वर्षानुवर्षं तो उकरलेलाच राहिला. वडाची-लिंबाची जुनी झाडं गेली. पाठ मोडून घेऊन चित्रं बघायला कोण येणार?

आता दिवस आणखी आखूड झालाय. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि शिर्डीच्या गाड्या इकडे वळल्या. पहाटे साईबाबा, मग घृष्णेश्वराची रांग, गाभाऱ्यात जायला शर्ट काढून उघड्या अंगानं उभं राहणं, बाहेर येऊन जेवण, आणि लेण्यांना तास. चारचाकी स्वतःची, नकाशा मोबाइलवर, गाईड नको. त्या एका तासात बहुतेकांचं कैलासच होतं. एक-दीड किलोमीटरवरची, जैन लेण्यांतली इंद्रसभा, तिच्या वरच्या मजल्यावरचं कोरीव कमळ आणि आंब्याखालची अंबिका, त्यांच्या वाटेला येत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते लपवायचं काही कारण नाही.

पण नव्या पोरांनी एक युक्ती काढलीय. ते पार्टीला आधी आत नेतच नाहीत. कैलासाच्या कडेनं डोंगरावर चढवतात आणि वरून खाली बघायला लावतात. फोटो चांगला येतो हे खरं कारण. तिथून सभामंडपाच्या छतावरचं कमळ आणि चार सिंह दिसतात, शिखर नजरेच्या रेषेत येतं, आणि अंगण खोल खाली. परवा असाच एक पोरगा नागपूरच्या कुटुंबाला सांगत होता, ‘बघा काका, पहिली छिन्नी इथं, आपल्या पायापाशी लागली. राणी उपाशी होती ना.’ कोकसाचं नाव त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, पैठणचा होता म्हणून. त्यानं मान हलवली आणि पुढच्या पार्टीला नावासकट सांगितलं, वर स्वतःची भर घालून: राणीही पैठणचीच.